शिंकांचं तेवढं मनावर घे

टार्नीट, मेलबर्न
१४ जून

प्रिय अव्या,

परवा तुझ्या लेकाच्या इथल्या ॲडमिशनची बातमी ऐकून मी इतका हरखलो की बाकीचं बोलायचं राहूनच गेलं. व्हिसा, तिकीट, खोली सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "गणपतीच्या सुमारास जरा शिंका येतात त्याला, बाकी पोरगा ठणठणीत." मागून वहिनी म्हणाल्या, "रात्रीचा खोकतो पण." दोन दिवस ही दोन वाक्यं डोक्यातून जात नाहीत. म्हणून लिहायला बसलो. निवांत वाच, वहिनींनाही वाचून दाखव.

मलाही तेवढंच तर होतं. शिबिरात ओढ्याकाठचं गाजर गवत उपटायला गेलो होतो ते आठवतं का? अर्ध्या तासात माझे डोळे लाल, टाळूला खाज, शिंकांनी जीव हैराण. मी रुमाल लावून बांधावर बसलो आणि माझ्या वाटणीची पट्टी तू साफ केलीस. "याला सर्दीचा कोठा आहे" एवढंच सगळे म्हणायचे. आईने वाफारा दिला, हळदीचं दूध दिलं, पावसाळा सरला की बरं वाटायचं. दमा हा शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नाही.

इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं काहीच झालं नाही. मला वाटलं, गाजर गवत मागे राहिलं, सुटलो. नवीन माणसाची इथे अशीच फसगत होते. शरीराला इथल्या परागांची ओळख व्हायला एकदोन मोसम जातात, मग त्रास सुरू होतो. इथला वसंत म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्याच्या थोडं आधी वॅटल फुलतं, आपल्या बाभळीच्या कुळातलं, तसेच पिवळे गोंडे. शिंकणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवतो. पण त्याचे पराग जड असतात, लांब जात नाहीत. खरा त्रास देतं रायग्रास. मेंढ्यांच्या कुरणांसाठी युरोपातून आणून पेरलेलं हे गवत आता फुटपाथच्या कडेलाही उगवतं. ना रंग ना वास. सकाळी त्याची चपटी ओंबी जवळून बघितलीस तर बारीक दोऱ्यांना पिवळट परागकोश लोंबताना दिसतील. नुसती टिचकी मार, हाताभर धूर उडतो. शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला अशी मैलोन् मैल कुरणं आहेत आणि उत्तरेचा गरम वारा सुटला की ते सगळं आमच्या अंगावर येतं.

आता त्या संध्याकाळचं सांगतो. तेव्हा तुला फोनवर "जरा दम लागला होता" एवढंच म्हणालो होतो.

२१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. दिवसभर पस्तीस अंशांचा उकाडा. सहाच्या सुमारास आभाळ भरून आलं, गडगडलं आणि एकदम गार वारा सुटला. वळीव येताना अंगणात पळायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. पाऊस म्हणशील तर चार थेंब. मातीचा वास छातीभर घेतला, दोनतीनदा घेतला. वीस मिनिटांत छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना, गळ्यातून शिट्टी वाजायला लागली. बायकोला हाक मारायची तर एका दमात तिचं नावही पुरं होईना. ती माझे ओठ बघून घाबरली. ॲम्ब्युलन्सचा फोन लागेना, तेव्हा तिनेच गाडी काढली. रुग्णालयात पाहतो तर कॉरिडॉरमध्ये माझ्यासारखीच माणसं, भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास ओढत असलेली. त्यात आपल्याकडचे चेहरे किती होते, अव्या!

त्या दोन दिवसांत नेहमीपेक्षा तीन हजारांहून जास्त लोक दम लागला म्हणून सरकारी रुग्णालयांत गेले. दहा माणसं दगावली. बऱ्याच जणांना दमा आहे हे तोवर कुणी सांगितलेलंच नव्हतं, फक्त वसंतात शिंका यायच्या. भारतात आणि श्रीलंकेत जन्मलेल्यांना ॲडमिट करायचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त निघालं. कारण नंतर कळलं. अख्खा परागकण मोठा असतो, नाकातच अडकतो. वादळाच्या ओलाव्यात तो फुटतो आणि त्यातले अगदी बारीक कण वाऱ्याच्या झोताबरोबर जमिनीलगत पसरतात. ते थेट फुप्फुसात उतरतात. मी अंगणात उभं राहून छातीभर घेतलं ते हेच.

त्यानंतर इथे १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशा वादळी दम्याच्या धोक्याचा रोजचा अंदाज देतात. हिरवा म्हणजे कमी, केशरी मध्यम, लाल जास्त. परागही मोजतात. एक घनमीटर हवेत गवताचे पन्नास कण झाले की जास्त, शंभरच्या वर अतिजास्त. लाल दिवशी वादळ येणार असेल तर घरात बसायचं, खिडक्या बंद. गाडीत असलास तर बाहेरची हवा आत घेणारं बटण बंद.

पण हे मी त्याला इथे आल्यावर शिकवीन. तुझं काम त्याच्या आधीचं आहे. त्याला छातीच्या डॉक्टरांकडे ने. रात्रीचा खोकला, धावल्यावर दम लागणं, शिट्टी वाजणं, सगळं त्यांना सांग, काही झाकू नकोस. फुंकर मारायची तपासणी असते, ती करून घे. त्यांनी रोजचा पंप दिला तर "एकदा लागला की सुटत नाही" हे डोक्यातून काढून टाक. माझ्या काकांनी याच भीतीने आयुष्यभर पंपाला हात लावला नाही, आणि पन्नाशीत त्यांना जिना चढवत नव्हता. मी आठ वर्षं मोसमाच्या आधीपासून रोजचा पंप घेतो, नाकात फवारा मारतो आणि ऑक्टोबरात सकाळी फिरायलाही जातो.

दम लागला तर काय करायचं, ते त्याला तिथेच पाठ करून घे. निळा पंप, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणारा, रोजचा नव्हे, स्पेसरला (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावायचा, एक फवारा, चार श्वास. असे चार फवारे. चार मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर पुन्हा चार, तरीही नाही तर ०००, म्हणजे इथल्या ॲम्ब्युलन्सच्या नंबरला फोन, आणि मदत येईपर्यंत फवारे चालू. निळा पंप इथे चिठ्ठीशिवाय मिळतो, पण पहिला त्याच्या खिशात तिथूनच असू दे. बॅगेत नको, खिशात.

विमानतळावर मी येतोय. टॅक्सीबिक्सी करू नका. खोलीचा ताबा मिळेपर्यंत आमच्याकडेच राहील, वरची खोली रिकामी केली आहे. डॉक्टर काय म्हणाले ते त्याच दिवशी कळव, रात्री कितीही वाजले तरी. मी जागा असेन.

वहिनींना नमस्कार. काकूंची शेंगदाण्याची चटणी त्याच्याबरोबर पाठव.

तुझाच,
रव्या