पहाटे आमच्यासोबत होडीत बसलेल्या मत्स्यशास्त्रज्ञांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तलावातील मासे एका रात्रीत मेले, त्याला आता दोन वर्षे होतील. तरीही तुमची आठवण निघाली की आजही गळा दाटून येतो.

तुमच्याआधी जे आले त्यांनी भर दुपारी काठावरून पाणी मोजले, प्राणवायू भरपूर असल्याचे सांगितले आणि सारा दोष आमच्या जाळ्यांवर ठेवला. मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडली गेली, पण ती जगली का, हे पाहायला कोणी फिरकले नाही. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दिवसा प्राणवायू वाढतो, रात्री तेच शेवाळ, तळाचा कुजता गाळ आणि मासे मिळून तो संपवत जातात, आणि सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी होतो, हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात, असे आम्ही सांगत होतो. ते कोणी लिहूनही घेतले नाही.

तुम्ही ते ऐकलेत आणि रात्री काठावरच थांबलात. उजाडण्यापूर्वी होडीतून प्राणवायू मोजण्याचे यंत्र पाण्यात सोडलेत तेव्हा आकडा लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्याही खाली होता. बहुतेक माशांना निदान 5 तरी लागतो. त्या वेळी तुम्ही यंत्राचा पडदा आमच्याकडे वळवलात आणि म्हणालात, "तुम्ही सांगत होतात ते बरोबर होते." सर, नंतर तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलेत, पण माझ्या मनात घर करून राहिले ते हे एक वाक्य. जाणकार माणसे अनेक भेटतात. समोरच्याने डोळ्यांनी पाहिलेले खरे असू शकते असे मानून ते तपासायला झोप मोडणारा जाणकार फार क्वचित भेटतो, आणि अशा माणसाच्या साध्या सौजन्याने किती जणांची मान पुन्हा ताठ होते, हे त्याला स्वतःलाही कळत नसावे.

मासे सोडण्याआधी त्यांचे घर नीट करा, हा तुमचा आग्रह आम्ही पाळला. शेतातून शेवाळ वाढवणारे खतांचे पाणी थेट येत होते तिथे काठाला गवत आणि लव्हाळ्याचा पट्टा वाढू दिला. उथळ पाण्यातील वनस्पतींना अंडी चिकटलेली असताना पातळी एकदम उतरली तर ती उघडी पडून सुकतात, म्हणून विणीच्या दिवसांत विसर्ग हळूहळू करावा, ही तुमची सूचना तलावाचे दरवाजे सांभाळणाऱ्यांनीही अखेर मान्य केली. पिल्लांना लपता यावे म्हणून झाडांच्या फांद्या दगड बांधून बुडवल्या आहेत. गाळाचे काम मात्र अजून बाकी आहे.

यंदा त्या फांद्यांभोवती बोटाएवढ्या पिल्लांचे थवे दिसतात, आणि ती सोडलेली नाहीत, इथेच जन्मलेली आहेत. ती पाहायला एकदा अवश्य यावे; होडी पहाटेच तयार ठेवू.

आपला कृतज्ञ,
तलावावरील एक मच्छीमार