टायरच्या भेगा बुजवून भागत नाही

माननीय संपादक,

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या भागात उसाच्या ट्रॉल्या रंगवल्या जातात, मागे रिफ्लेक्टर लावले जातात. टायरकडे मात्र नक्षी झिजून तो गोटा झाला आहे का, एवढेच पाहिले जाते. बाजूच्या रबराला पडलेल्या भेगांची दखल कोणी घेत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात मी वापरलेले दोन टायर विकत घेतले. नक्षी चांगली होती, रंग काळाभोर होता. तिसऱ्याच खेपेला भरल्या ट्रॉलीचा एक टायर बाजूने फुटला, आणि ती कलंडता कलंडता वाचली. चिंधड्या पाहिल्यावर कळले, की भेगांत पंक्चरचे सोल्युशन भरून वरून काळे पॉलिश फासले होते.

ऊन आणि हवेतील ओझोन रबराला खातात. त्यापासून बचावासाठी टायरमध्ये मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. चाक फिरते, रबर दबते-ताणते, तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. आमची ट्रॉली मात्र हंगाम संपल्यापासून दिवाळीपर्यंत एकाच जागी, कमी हवेवर, उघड्यावर उभी असते आणि ताणलेल्या रबरातच ओझोन भेगा पाडतो. अशा वाळलेल्या रबराला सोल्युशन नीट धरत नाही. धरले तरी आतल्या दोऱ्यांची गेलेली ताकद परत येत नाही. जळके ऑइल किंवा डिझेल फासण्याची आपल्याकडची सवय तर घातकच आहे, कारण त्याने रबर फुगून मऊ पडते. एखादी खिळ्याची जखम व्हल्कनायझिंगने, म्हणजे रबर तापवून एकजीव करून, सांधता येते, बाजूभर पडलेल्या भेगा नाही. भेगेतून दोरा दिसला, तर तो टायर काढूनच टाकावा.

भेगा पडणे लांबणीवर टाकणे मात्र हातात आहे. हंगाम संपताच ट्रॉली जॅकवर उचलून ठोकळ्यांवर ठेवावी, म्हणजे टायरवर भार राहत नाही, आणि चाकांवर गोणपाट टाकावे. वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ टायर ठेवू नयेत, तिथेही ओझोन तयार होतो. जुना टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत : ३४१८ म्हणजे टायर २०१८ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला.

साखर कारखान्यांनी वाहतुकीचे करार करताना रिफ्लेक्टरबरोबर टायरच्या बाजू आणि हे चार आकडेही तपासावेत, आणि परिवहन विभागाने पॉलिश मारून विकल्या जाणाऱ्या जुन्या टायरांची दखल घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक ट्रॉलीमालक शेतकरी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर