सई, येताना पासपोर्ट घेऊन ये

डर्बी लाइन, व्हरमाँट
२ नोव्हेंबर २०२५

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आल्यावर तुझी पलीकडची, कॅनडातली मैत्रीण एलोदी हिला ग्रंथालयात भेटायचे तू ठरवले आहेस, हे आईकडून कळले. परवा फोनवर मी तुला पासपोर्ट आणायला सांगितले, तेव्हा तू हसलीस आणि ग्रंथालयात जायला पासपोर्ट कशाला, असे विचारलेस. त्याचे उत्तर घाईघाईत देण्यासारखे नव्हते, म्हणून रविवारची दुपार मोकळी ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे.

तू जानेवारीत कॉलेजला परत गेलीस ती अजून गावी आलेली नाहीस. त्याच महिन्यात आपल्याजवळ कॉव्हेंट्रीत आय-९१ महामार्गावर सीमा गस्त दलाचा एक जवान गोळीबारात मारला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अंतर्गत सुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम दोन देशांच्या हद्दीवर उभ्या असलेल्या आपल्या हॅस्केल ग्रंथालयात आल्या आणि वाचनालयाच्या जमिनीवरची ती हद्द दाखवणारी काळी पट्टी ओलांडून कॅनडाला अमेरिकेचे ‘एक्कावन्नावे राज्य’ म्हणाल्या. हे तू बातम्यांत वाचलेच असशील. मार्चमध्ये सरकारने जाहीर केले, की पलीकडच्या, कॅनडातील स्टॅन्स्टेड गावच्या लोकांना अमेरिकेच्या बाजूच्या समोरच्या दारातून आत येण्याची शंभराहून अधिक वर्षांची मुभा काढून घेतली जाईल. आधी फक्त ग्रंथालयाचे कार्ड असणाऱ्यांना सवलत ठेवली होती. १ ऑक्टोबरपासून, काही अपवाद सोडले तर, तीही संपली. आता एलोदीला समोरच्या दाराने यायचे असेल, तर आधी गाडीने सीमा नाक्यावर जाऊन कागदपत्रे दाखवावी लागतात. तिच्या घरापासून ते दार चालत पाच मिनिटांवर आहे.

ते दार तुझ्या लहानपणाचे होते, म्हणून तुला हे सविस्तर लिहितो. २०१० च्या जुलैमध्ये आपण येथे राहायला आलो, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. पहिल्याच शनिवारी आई तुला गोष्टींच्या तासाला घेऊन गेली आणि मीही मागोमाग गेलो. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता, कॅनडाचा व्हिसा नव्हता, आणि रुग्णालयाच्या नोकरीशी बांधलेला परवाना गमावण्याची धास्ती तर रात्रंदिवस होती. ग्रंथपाल बाईंनी मला सहज सांगितले, की दार अमेरिकेत आहे, पण पुस्तकांची कपाटे कॅनडात आहेत, तेव्हा पुस्तक हवे असेल तर पट्टी ओलांडावीच लागेल. मी क्षणभर थांबलो. तू मात्र पट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून उभी राहिलीस, आणि तुझ्यासमोर तसेच पाय फाकून एक सोनेरी केसांची मुलगी उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हते आणि तुला फ्रेंच. कॅनडात माझे पहिले पाऊल पडले ते त्या दिवशी, कोणत्याही शिक्क्याशिवाय, तुला आणि एलोदीला पट्टीवरून बाजूला घेण्यासाठी.

ही इमारत चुकून सीमेवर आली, असे पुष्कळ पाहुण्यांना वाटते. तसे नाही. मार्था हॅस्केल यांनी आपल्या मुलासह, दिवंगत पतीच्या स्मरणार्थ, ती जाणूनबुजून दोन देशांच्या हद्दीवर बांधली, कारण दोन्ही गावांच्या लोकांनी ती एकत्र वापरावी अशी त्यांची इच्छा होती. वरच्या मजल्यावरचे नाट्यगृह १९०४ साली सुरू झाले आणि खालचे ग्रंथालय त्यानंतरच्या वर्षी. नाट्यगृहात रंगमंच कॅनडात आहे आणि बहुतेक प्रेक्षक अमेरिकेत बसतात. या दोन गावांना पाण्याची व्यवस्थाही एकच आहे. कॅनुसा स्ट्रीटवर तर रस्त्याच्या मधोमध हद्द जाते, आणि समोरासमोरचे शेजारी वेगवेगळ्या देशांना कर भरतात.

माझ्याकडे येणारे वृद्ध रुग्ण जुन्या दिवसांबद्दल बोलतात, तेव्हा मी तपासणी संपली तरी त्यांना थांबवत नाही. पलीकडे जेवायला जायचे, अलीकडे केस कापायला यायचे, नाक्यावरच्या माणसाने हात हलवला की पुढे जायचे. २००१ च्या सप्टेंबरनंतर हे हळूहळू आटत गेले. १ जून २००९ पासून पासपोर्ट किंवा तशाच दर्जाचे ओळखपत्र सक्तीचे झाले, चर्च स्ट्रीटवरून गाडी नेणे बंद झाले आणि ग्रंथालयाशेजारी हद्द म्हणून फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या गेल्या. एक आजोबा मला म्हणाले होते, की त्यांची बहीण पलीकडे दोन गल्ल्या सोडून राहते, पण आता तिच्याकडे जाताना घरातून निघण्यापूर्वी विचार करावा लागतो, आणि या वयात विचार करावा लागला की माणूस घरीच बसतो. कडक बंदोबस्ताचा परिणाम नेमका काय होतो, हे मला त्या एका वाक्यातून जेवढे कळले तेवढे कोणत्याही अहवालातून कळले नसते. कायद्याने भेट बंद केलेली नसते. जाऊ की नको, हा प्रश्न तेवढा निर्माण होतो, आणि रोजचे जाणे-येणे त्यावर तगत नाही.

आपण निपाणीचे. सीमाप्रश्न तुझ्या आजोबांच्या ओसरीवर रोजचाच होता, मोर्चे होते, घोषणा होत्या, पण कागलला किंवा कोल्हापूरला जाताना कोणी कागद विचारत नसे. म्हणून २०२१ साली कोगनोळी नाक्यावर कोरोना चाचणीचा अहवाल मागू लागले, तेव्हा ‘कोल्हापूरला जायला आता परवानगी लागते’ असे आत्याने फोनवर रडवेल्या आवाजात सांगितले. त्याच काळात येथली सीमा मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ बंद होती, आणि तू व एलोदी कुंड्यांच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसत होता. ती साथ होती आणि ती संपणार होती, एवढी तरी तेव्हा खात्री होती.

माझे म्हणणे एकांगी होऊ नये, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. बंदोबस्ताला कारणे आहेत. याच ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात पिस्तुले लपवून ती कॅनडात पोहोचवणारी टोळी होती आणि तो गुन्हा न्यायालयात शाबीत झाला. सीमा गस्त दलाच्या स्वॉन्टन विभागात, म्हणजे आपल्या भागात, २०२४ च्या आर्थिक वर्षात बेकायदा सीमा ओलांडणारे १९ हजारांहून अधिक लोक पकडले गेले आणि त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. त्या हिवाळ्यात दोन तरुणांना गस्तीच्या जवानांनी जंगलातून उचलून आमच्याकडे आणले. हिंदी समजणारा मी एकटाच, म्हणून मला रात्री बोलावले. त्यांच्या पायांची बोटे काळी पडली होती. एकाने मला विचारले, ‘अंकल, हे अमेरिकाच आहे ना?’ जानेवारी २०२२ मध्ये मॅनिटोबाच्या हद्दीवर गुजरातेतील डिंगुचा गावचे आईवडील आणि त्यांची दोन मुले बर्फात गोठून गेली, ती बातमी वाचून आई दोन दिवस जेवली नव्हती. जंगलातून आणलेल्या त्या दोन तरुणांना ज्या जवानांनी वाचवले, त्यांच्यापैकी एकाची मुलगी तुझ्या वर्गात होती. हे लोक आपले शेजारी आहेत, आणि रात्री उणे वीस तापमानात ते जंगलात हिंडतात म्हणून माणसे जिवंत सापडतात, हे मी कधीही विसरणार नाही.

परंतु जंगलातली पायवाट आणि ग्रंथालयाचे दार या दोन वेगळ्या जागा आहेत, असे माझे ठाम मत आहे. एका दारावर पाळत ठेवणे अवघड नव्हते, ती ठेवलेलीच होती. दार बंद केल्याने तस्करांची एक वाट बंद झाली असेल, पण गोष्टींच्या तासाला येणाऱ्या मुलांची तर ती एकुलती एक वाट होती.

आणखी एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. मे महिन्यापासून रात्रपाळीला जाताना मला महामार्गावर तीनदा थांबवले गेले. गळ्यात रुग्णालयाचे ओळखपत्र असूनही जन्म कुठला, इथे कसे आलात, हे प्रश्न झाले. अधिकारी उद्धट नव्हते. तरी तिसऱ्या वेळी एक अत्यवस्थ रुग्ण माझी वाट पाहत होता आणि मी रस्त्याच्या कडेला माझे नागरिकत्व गेल्याच वर्षीचे असल्याचे समजावून सांगत होतो. पंधरा वर्षे ज्या गावात लोकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, त्या गावात आता मी गाडीच्या कप्प्यात पासपोर्ट ठेवतो. तूही ठेव. तुझा जन्म याच देशातला आहे, हे तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेले नाही, आणि याचे मला फार दुःख होते.

गावात शुकशुकाट आहे. कॅनडाहून येणारी वाहने यंदा स्पष्टच कमी झाली आहेत, आणि सातशेसुद्धा वस्ती नसलेल्या गावाला ते लगेच जाणवते. पण स्टॅन्स्टेडच्या लोकांनी ग्रंथालय सोडलेले नाही. कॅनडाच्या बाजूचे, एरवी केवळ आगीसारख्या प्रसंगासाठी असलेले दार त्यांच्यासाठी उघडले आहे. ते नीट बांधून घेण्यासाठी ग्रंथालयाने एक लाख कॅनेडियन डॉलरचे आवाहन केले, तेव्हा काही दिवसांतच त्याहून अधिक रक्कम जमली. जवळच राहणाऱ्या एका कादंबरीकार बाईंनी एकट्यांनी पन्नास हजार दिले. आईने आणि मीही आमच्या परीने पैसे पाठवले.

तेव्हा शुक्रवारी तू नेहमीप्रमाणे समोरच्या दाराने जा. एलोदी मागच्या दाराने येईल. आत काही बदललेले नाही, पट्टी तिथेच आहे, टेबलेही तिथेच आहेत, आणि आत आल्यावर कोण कुठल्या दाराने आले हे कोणी विचारत नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेने घातलेल्या प्रवासबंदीमुळे ताटातूट झालेली इराणी कुटुंबे त्याच खोलीत भेटत असत. मुलीला कवटाळून बसलेली एक आई पाहून तू घरी येऊन विचारले होतेस, की ही माणसे आपापल्या घरी का भेटत नाहीत. मी तेव्हा उत्तर दिले नव्हते.

निघताना मात्र दोघी आपापल्या दारानेच बाहेर पडा. तिच्या मागोमाग तिच्या घरी जाण्याचा मोह होईल, तो आवर. आई एलोदीच्या आईसाठी चकल्या करणार आहे. तो डबा ग्रंथालयात एलोदीच्या हाती देऊ नकोस, कारण पलीकडे न्यायची वस्तू नाक्यावरूनच गेली पाहिजे. संध्याकाळी आपण तिघे गाडीने नाक्यावर जाऊ, डब्यात काय आहे ते सांगू, आणि मग त्यांच्याकडे जेवायला जाऊ. पासपोर्ट त्यासाठी आण.

तुझा,
बाबा