चवथीच्या पुरवणीत खेळ छापा, पण आधी कापून बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी भावंडे जमतात, नेवऱ्या (करंज्या) संपतात आणि दुपारच्या पावसात पत्त्यांचा एकच जोड साऱ्या घराला पुरवावा लागतो. अशा वेळी पुरवणीतून 'कापा, चिकटवा, खेळा' असा एखादा खेळ घरोघरी गेला तर हवाच आहे. पण छापून खेळायचा खेळ चित्रकाराने पान रंगवले की तयार होत नाही. ते पान कात्रीखाली आले की काय होते, हे पाहूनच छापावे. म्हणून या सूचना.

वर्तमानपत्राचा कागद साधारण ४५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ४५ ग्रॅम वजनाचा) असतो. खेळण्याच्या पत्त्याला २५० ते ३०० जीएसएमचा लागतो. तेव्हा पुरवणीत पत्ते छापूच नयेत, पलीकडची अक्षरे आरपार दिसतात. छापायचा तो पट. कवड्यांवर खेळायच्या अष्टाचम्म्याचा पट पाच बाय पाच, म्हणजे २५ घरांचा. एक घर ५ सें.मी.चे धरले तर २५ सें.मी.चा चौरस होतो आणि तो पानाच्या घडीच्या वर किंवा खाली पुरता मावतो. घडीवर पट आला की तिथली शाई आधी उडते आणि पुठ्ठ्यावर तेवढीच रेघ फुगून राहते. पार्श्वभूमी पांढरी ठेवावी, गडद रंग मुलांच्या बोटांना लागतो. आणि पटाच्या मागच्या बाजूला जाहिरात टाकावी. शब्दकोडे टाकलेत तर आजोबा आणि नातू यांच्यातले भांडण ठरलेले.

फासा कागदाचा करायला सांगू नये. चिकटवायच्या पट्ट्या एकाच अंगाला येतात, ते अंग जड होते आणि ठरावीकच दान पडू लागते. त्यापेक्षा दोन चिंचोके फोडून केलेल्या चार फाकी किंवा चार कवड्या बऱ्या. चारांपैकी जितक्या उताण्या तितके दान, चारही उताण्या पडल्या तर चार म्हणजे चम्मा, चारही पालथ्या पडल्या तर आठ म्हणजे अष्टा. मात्र फाशासाठी आखलेली सापशिडी चिंचोक्यांवर जशीच्या तशी खेळायला देऊ नये. पाच आणि सहा पडतच नाहीत. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले तर १६ पैकी ६ वेळा दोनच येतात. फाशाचे सरासरी दान साडेतीन, यांचे अडीच. खेळ जवळजवळ दीडपट लांबतो आणि मुले मध्येच उठतात. सोंगट्यांना बटणे, शेंगदाणे काहीही चालते. कच्च्या काजूबिया मात्र नकोत, टरफलातले तेल कातडीला लागले तर फोड येतात. गोव्यात हे कुणाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या मुलांना कुठून ठाऊक असणार?

खरा घोटाळा चिकटवण्यात होतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी असते. कागद ओला होऊन पसरतो, सुकताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला वाकवतो. म्हणून बाइंडिंगचा दीड-दोन मि.मी.चा पुठ्ठा घ्यावा, फेव्हिकॉल पुठ्ठ्यावर लावावा, कागदावर नव्हे, आणि जुन्या पत्त्याच्या कडेने तो अगदी पातळ ओढावा. कागद मधून कडांकडे दाबत जावे. मग पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला तेवढाच दुसरा कागद चिकटवावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पट पत्रावळीसारखा वळला म्हणून कागदाला दोष देतात. दोन्ही अंगांची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. वर पाट आणि त्यावर जड पुस्तके ठेवून रात्रभर, श्रावण-भाद्रपदाच्या हवेत पुरता एक दिवस, दाबून ठेवावा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण दमट हवेत तिला बुरशी आणि कसर लागते. बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी, मुलांच्या खेळात तो अजिबात नको.

पत्त्यांचे खेळ आपल्या संकेतस्थळावर पीडीएफ करून ठेवावेत. परदेशी फायली बऱ्याचदा लेटर आकाराच्या, २१६ मि.मी. रुंद असतात आणि आपला ए-४ कागद २१० मि.मी.चा. झेरॉक्सवाला 'फिट टु पेज' दाबतो आणि ६३ मि.मी.चा पत्ता ६१चा होतो. सगळा जोड एकदमच छापला तर बिघडत नाही. पण हरवलेले चार पत्ते नंतर नीट मापात छापून घातले तर ते पाठीवरूनच ओळखू येतात. म्हणून फाइल ए-४चीच करावी आणि प्रत्येक पानावर ५ सें.मी.ची एक रेघ ठेवावी. पहिले पान छापून ती पट्टीने मोजायची, मगच बाकीची पाने. ६३ बाय ८८ मि.मी.चे नऊ पत्ते एका पानावर बसतात, म्हणजे ५४ पत्त्यांना सहा पाने. पाठपोट छपाईत मागची बाजू एक-दोन मि.मी. सरकतेच. त्यामुळे पाठीला चौकट काढू नये, सलग नक्षी द्यावी आणि ती कापण्याच्या रेघेपलीकडे ३ मि.मी. जाऊ द्यावी. रंगीत छपाई महाग पडते, तेव्हा पत्त्यांचे गट नुसत्या रंगाने नव्हे, आकारानेही वेगळे दिसावेत. वर्ड फाइल कधीच पाठवू नये. दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरे फुटतात. व्हॉट्सॲपवरही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, फोटो म्हणून पाठवली की बारीक अक्षर धूसर होते.

लॅमिनेशन पटालाच करावे. १२५ मायक्रॉनचे पाउच दोन्ही बाजू मिळून पाव मि.मी. जाडी वाढवते. ५४ पत्त्यांचा जोड साडेतेरा मि.मी.ने फुगतो, वर निसटतो, आणि पिसताना निम्मे पत्ते जमिनीवर. पटाच्या कडेला प्लास्टिकची ३ मि.मी. पट्टी सोडावी, कागदालगत कापले तर आमच्या पावसाचे पाणी तिथूनच शिरते.

शेजारच्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ, या कामाला फार सोयीची आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, असे १२० पत्ते. ६ सें.मी. व्यासाची बारा वर्तुळे एका ए-४वर बसतात, म्हणजे एका पानावर एक अवतार, दहा पानांत जोड पुरा. पाच रंगांत राजा-प्रधानाखालच्या पत्त्यांचा क्रम उलटा असतो, त्या पत्त्यांच्या कडेला एक ठिपका द्यावा, नाहीतर नवशिका पहिल्याच डावात गोंधळतो. चित्रे मात्र नवी काढावीत. खेळ जुना आणि सर्वांचा, पण आजच्या कारागिराने रंगवलेला पत्ता स्कॅन करून वाटणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय.

हाच भेद बाजारातल्या खेळांनाही लागू. खेळाची कल्पना कुणाच्या मालकीची नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण चित्रांना आणि नियमांच्या शब्दांना असते. विकत घेतलेला खेळ स्कॅन करून गटात टाकणे याला प्रिंट-अँड-प्ले (कर्त्याने घरी छापून खेळायला दिलेला खेळ) म्हणत नाहीत. क्रिएटिव्ह कॉमन्सखालच्या, म्हणजे कर्त्याने ठरावीक अटींवर सर्वांना वापरायला दिलेल्या, खेळावर 'एनडी' (बदल करू नका) असेल तर मराठी भाषांतर करून वाटता येत नाही, आणि 'एनसी' (व्यापारी वापर नको) असेल तर विक्रीच्या वर्तमानपत्राने कर्त्याची वेगळी परवानगी घ्यावी. आपण छापाल त्या खेळाखालीही अटी मराठीतच लिहा: श्रेय द्या, विकू नका, बदल केलात तर याच अटींवर पुढे द्या.

अष्टाचम्म्याचा पट आणि गंजिफेची दहा पाने, दोन्ही काळ्या-पांढऱ्यात, आम्ही विनामूल्य देऊ. पुरवणी छापखान्यात जाण्याआधी तेवढा पट एकदा वर्तमानपत्राच्याच कागदावर काढून कापून बघावा.

आपले,
खेळ करणारे काही वाचक, फोंडा