मैद्याचा गोळा आणि बेंदराचे बैल

ठाणे

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, छकुलीला खेळायला मी घरीच मैद्याचा गोळा करून देते, हे ऐकून परवा फोनवर तू म्हणालीस, "पीठ काय खेळायचं असतं होय? अन्नाशी खेळू नये." छकुली मध्ये मध्ये ओरडत होती, त्यामुळे मला नीट बोलता आलं नाही. आज ती दुपारची झोपली आहे, तेवढ्यात सविस्तर लिहिते.

तुझं म्हणणं मला पटतं. आपल्या घरात ताटात शीत उरलेलं कधी चाललं नाही आणि छकुलीलाही मला तेच वळण लावायचं आहे. पण आई, पोळ्या लाटताना तू मला कणकेचा गोळा द्यायचीस की नाही? तो संध्याकाळपर्यंत आंबून काळा पडायचा, मग गाईच्या पाटीत जायचा. आमचा गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला की महिनाभर सहज टिकतो, कारण त्यात मीठ भरपूर असतं. मैदाही मी तारीख उलटून गेलेला, खाण्यात न जाणारा घेते. त्यामुळे अन्न वाया जातंय असं मनात आणू नकोस.

करायचं कसं ते सांगते. दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, दोन वाट्या पाणी, दोन मोठे चमचे तेल आणि दोन लिंबांचा रस. सगळं गार असतानाच कढईत गुठळ्या मोडून कालवायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी वाटतं हे काही जमायचं नाही, नुसतं पातळ दिसतं. मग एकदम घट्ट व्हायला लागतं, कडा सोडतं आणि सगळं उलथन्याभोवती गोळा होतं. मोदकाच्या उकडीसारखंच बघ. उकड कोमट झाली की मळून उपयोग नाही, तेलाचा हात लावून गरमच मळायची, हे तू मला शिकवलंस ते इथं जसंच्या तसं कामाला येतं. पिठातला स्टार्च उष्णतेनं पाणी शोषून फुगतो, म्हणून शिजवलेला गोळा मऊ राहतो आणि बोटांना चिकटत नाही. एवढा भाग मोठ्यांनीच करायचा. छकुलीला गॅसजवळ मी येऊ देत नाही. हाताला सोसेल इतका निवला की मग तिच्या ताब्यात.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट. परदेशात लिंबाऐवजी क्रीम ऑफ टार्टर घालतात. ती पांढरी पूड म्हणजे द्राक्षाची वाइन मुरताना पिंपाच्या आतून जो क्षार धरतो, तो शुद्ध केलेला. आपल्या तासगावात एवढी द्राक्षं पिकतात आणि हे मला आत्ता कळतंय! इथं मोठ्या दुकानात केकच्या सामानात मिळते, पण लिंबानं काम छान होतं.

रंगाला आम्ही हळद आणि बीट वापरतो. बिटाचा रंग शिजवताना थोडा मरतो, हळद मात्र झक्क उतरते. पिवळ्या गोळ्यावर छकुलीनं चिमूटभर खायचा सोडा टाकला की आधी लिंबामुळे बारीक फेस येतो आणि आणखी सोडा टाकून चोळलं की तिथं तांबूस डाग उमटतो. मग ती "लाल झालं, लाल झालं" करत घरभर नाचते. आई, पूर्वी हळदीला चुना लावून कुंकू करायचे ना, तेच हे. तू आलीस की ही गोष्ट तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे.

ती काय काय करते ते तुम्ही बघायलाच हवं. चपटा गोळा दोन्ही हातांनी परातीत थापते आणि मध्येच हात झटकते. ही लकब तिनं तुला भाकरी करताना बघूनच उचलली आहे, दुसरीकडे कुठे बघणार? कालपरवा तिनं लांब वळी केली, त्यावर माझ्या कंगव्याचे दात दाबले आणि मला म्हणाली, "शेवया घे, गरम आहेत." मी तिला आकार करून देत नाही, साचेही फार देत नाही. साच्यातून ससा झटकन निघतो आणि तिथंच खेळ संपतो. नुसत्या बोटांनी दाबणं, चिमटीत धरून ओढणं, वळणं यात ती तासभर रमते, आणि याच चिमटीनं तिला पुढं पेन्सिल धरायची आहे.

एक काळजी घ्यायची. हा गोळा खारट ढुस्स लागतो, तेव्हा मूल चाखून थुंकतंच; तरी लक्ष ठेवावं लागतं, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. कुत्र्याला तर हे फारच घातक. गावी केलंत तर अंगणात उघडं ठेवू नका.

बाबा, तुम्ही विचारलंत, बाजारात रंगीत डबे मिळतात, मग हा उद्योग कशाला? त्या डब्यांची गोष्ट तुम्हाला आवडेल. अमेरिकेत सिनसिनाटीच्या एका साबण कंपनीनं भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायला हा गोळा बनवला होता. घरं तापवायला कोळशाऐवजी गॅस आला, काजळी कमी झाली आणि धंदा बसायला लागला. तेव्हा एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांना खेळायला दिला आणि १९५६मध्ये तो 'प्ले-डो' या नावानं खेळणं म्हणून बाजारात आला. मलाही तो वाईट वाटत नाही. पण डबा उघडून दिला की छकुलीला फक्त गोळा मिळतो. घरी केला की पीठ मोजणं, लिंबू पिळणं, चटका बसेल म्हणून थांबणं, सगळं तिच्या वाट्याला येतं. त्यातलं थांबणं तिला सर्वांत जड जातं आणि मला तेच हवं आहे.

आता मुद्द्याचं. बेंदराला तुम्ही मला मातीचे बैल करून द्यायचात, वशिंड अंगठ्यानं वर ओढून. मला ते अजून जमत नाही, माझे बैल म्हशीच वाटतात. छकुलीला ते तुम्ही शिकवायचं. बैल टिकवायचे असतील तर मैदा न शिजवता घ्यायचा: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, वाटीभराला थोडं कमी पाणी. तो वाळून कडक होतो. मात्र इथल्या पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि काही वाळत नाही, तेव्हा पाऊस सुरू व्हायच्या आत या. बेंदराची वाट बघू नका.

आई, येताना तुझा जुना सोऱ्या आण, जाड शेवेच्या चकतीसकट. पितळ मिठानं खराब होतं, मी लगेच धुऊन पुसून ठेवीन. बाबांच्या गुडघ्यांसाठी खालची बर्थ मिळते का ते मी बघते, तारीख तेवढी कळवा.

तुमची,
लेक