बटण धुरावर दाबायचं

सातारा,
घटस्थापना, २२ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तुला सगळं सांगितलं, पण बाबांपर्यंत त्यातलं किती पोचलं कोण जाणे. तू त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगतेस, ते मान हलवतात, आणि मग फोन परत तुझ्याकडे येतो. मला फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहते. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही चष्मा लावून सावकाश वाचा. तुम्हाला हवे असतात तसे आकडे यात घातले आहेत.

यंदाची सातारा हिल हाफ मॅरेथॉन झाली. आमच्या ग्रुपचे अकरा जण उतरले होते आणि अकराच्या अकरा वेळेत परत आले. पोलीस परेड ग्राउंडवरून सुटायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर प्रकृती रिसॉर्टपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं खाली. सगळं मिळून २१ किलोमीटर. वर धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. रस्ता ओला. आई, मी पडले नाही, गुडघा दुखला नाही, आणि घरी आल्या आल्या कोरडे कपडे घातले.

माझं टायमिंग २ तास १९ मिनिटं. मागच्या वर्षीपेक्षा ४ मिनिटं कमी. ते राहू दे, मला इतरांचं सांगायचंय.

आमच्यात एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत, वय ६३. मागच्या वर्षी २ तास ५२ मिनिटं, यंदा २ तास ४१. या वयात ११ मिनिटं कमी करणं म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नवीन पोरं घाट बघून पहिल्याच वळणाला जोर लावतात आणि तिसऱ्या वळणाला कमरेवर हात ठेवून उभी राहतात. काका त्यांना सांगतात, "चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये टाक." म्हणजे पाऊल आखूड, पण पावलं भरभर. आणि उताराला, "ब्रेकवर उतरू नको, गिअरवर उतर." उतारावर माणूस लांब ढांगा टाकतो, टाच पुढं आपटते, दर पावलाला शरीर थांबवावं लागतं, आणि तो सगळा मार मांड्यांवर बसतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही तो त्यामुळं. इतकी वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस हे सांगतो तेव्हा पटकन पटतं. मी यंदा उताराला त्यांच्या मागं मागंच राहिले होते, निम्मा घाट. माझी ४ मिनिटं तिथंच वाचली.

दुसऱ्या आमच्या डबेवाल्या काकू. वय ५४, बावीस जणांचे डबे करतात. आई, तुला त्या फार आवडतील. पहाटे तीनला उठून कणीक मळून ठेवतात, भाजी चिरून ठेवतात, पाचला आमच्याबरोबर पळायला, साडेसहाला परत, आठला डबे दारात. दोन वर्षांपूर्वी आल्या तेव्हा सलग पाच मिनिटं पळता येत नव्हतं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं करत त्या वाढवत गेल्या. रेसच्या सकाळी मी त्यांच्या छातीवर नंबराचा कागद लावून देत होते. चार कोपऱ्यांना चार पिना. त्यांनी पर्समधून पाचवी पिन काढली आणि मंगळसूत्र कुडत्याला आतून टोचून टाकलं. पळताना ते उडून हनुवटीला लागतं, म्हणाल्या. पिन लावताना त्यांचे हात थरथरत होते. ३ तास १२ मिनिटांनी त्या ग्राउंडवर शिरल्या तेव्हा आम्ही सगळे शेवटच्या वळणावर उभे होतो, आणि ड्रायव्हरकाका तर त्यांच्या बाजूनं पुन्हा दोनशे मीटर पळत आले. मेडल गळ्यात पडल्यावर काकूंनी आधी पिन सोडून मंगळसूत्र बाहेर काढलं, नीट केलं, आणि मग रडल्या. त्या दिवशी बाविसांना डबा नव्हता. आदल्या दिवशी प्रत्येकाला स्वतः सांगून आल्या होत्या, की उद्या माझी शर्यत आहे.

आमच्या डॉक्टरीणबाई यंदा घाटात पळाल्या नाहीत, पाणी द्यायला उभ्या होत्या. त्यांचं वर्ष जूनमध्येच झालं. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत असते, पीटरमॅरिट्झबर्ग आणि डर्बन या दोन शहरांमधली. एक वर्ष चढाची, एक वर्ष उताराची. यंदा ८ जूनला उताराची होती, जवळजवळ ९० किलोमीटर. आपल्या दहिवडीहून साताऱ्याला यायचं आणि पुन्हा कोरेगावच्या पुढपर्यंत मागं जायचं, साधारण एवढं. तेही १२ तासांत, म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटांच्या आत, खाणंपिणं धरून. बाराव्या तासाला बंदूक उडते आणि रेघ बंद. एक सेकंद उशिरा आलेल्यालाही मेडल नाही. भाग घ्यायलासुद्धा आधी एक पूर्ण मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांच्या आत पळून दाखवावी लागते. ती त्यांनी जानेवारीत मुंबईला ४ तास ४१ मिनिटांत केली होती. कॉम्रेड्स केली ११ तास ३८ मिनिटांत.

बाबा, पीटरमॅरिट्झबर्ग म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. गांधीजींना गाडीच्या डब्यातून उतरवलं ते हेच स्टेशन, ७ जून १८९३ ची रात्र. डॉक्टरीणबाई शर्यतीच्या आदल्या दिवशी, ७ जूनलाच, त्या फलाटावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, खूप थंडी होती, आणि मला दुसऱ्या दिवशीची भीती वाटेनाशी झाली.

मेडल त्यांनी रविवारी ग्राउंडवर आणलं होतं. एवढ्याशा आकाराचं, जुन्या मोठ्या नाण्याएवढं. इथं दहा किलोमीटरच्या शर्यतीला याच्या तिप्पट मोठं मिळतं. ११ ते १२ तासांत येणाऱ्यांना तांब्याचं असतं आणि त्याला व्हिक क्लॅपहॅमचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी त्यानं १९२१ मध्ये ही शर्यत सुरू केली. तेव्हा ३४ जण सुटले आणि १६ पोचले. आणि हा क्लॅपहॅम कोण, तर रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. हे ऐकल्यावर आमच्या काकांनी ते मेडल हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलंच नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला बसले तो मुलगा. एमआयडीसीत कामाला आहे, वय २४. रात्रपाळी सुटली की झोपायच्या आधी पळतो. यंदा घाटात १ तास २४ मिनिटं. आमच्या ग्रुपमधलं आजवरचं सगळ्यांत चांगलं टायमिंग, आणि वयोगटात तिसरा नंबर. बक्षीस घेऊन आला, मी विचारलं गाव कुठलं, तर आपल्या माणमधला निघाला. मोहीच्या शेजारचाच. मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत गेली, दहावी आली, तेव्हा हा पंधरा वर्षांचा होता, आणि दुसऱ्या दिवसापासून पळायला लागला. मी आडनाव सांगितलं तसा माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्ही पी.टी. सरांच्या?" त्याचे वडील तुमच्या हाताखाली पळालेत, बाबा. १९९४-९५ ची बॅच, १५०० मीटर. त्यांचं प्रमाणपत्र अजून घरात भिंतीवर आहे म्हणे, पण टायमिंग त्यावर लिहिलेलं नाही, आणि वडिलांना ते आठवत नाही. पोराला एवढंच हवंय. आपण वडिलांपेक्षा जोरात पळतो का, हे त्याला बघायचंय.

तुमच्या लाल पुठ्ठ्याच्या वहीत ते असणारच. तुम्ही शेवटून पहिल्या आलेल्या पोराचीसुद्धा वेळ लिहायचात. लहानपणी मी विचारलं होतं की हरलेल्याची कशाला लिहायची, तर म्हणाला होतात, "पुढच्या वेळी तो कुणाशी पळणार?" आता ग्रुपची वही मी ठेवते. अकराही जणांच्या वेळा आहेत, मागच्या वर्षीच्या शेजारी.

मोठ्या शर्यतीत आता नंबराच्या कागदामागं एक पातळ चिप चिकटवलेली असते. सुटताना आणि शेवटी रस्त्यावर पट्टा अंथरलेला असतो, त्यावरून पाय गेला की वेळ आपोआप नोंदली जाते. गर्दीत मागं उभा असलेला माणूस बंदूक उडाल्यानंतर तीन मिनिटांनी रेघ ओलांडत असेल तर त्याची वेळ तिथूनच धरतात. पण रोजच्या सरावाला चिप नसते. गुरुवारी आम्ही ग्राउंडवर चारशे-चारशे मीटरच्या फेऱ्या मारतो, तेव्हा प्रत्येक जण आपल्या घड्याळात बघत पळतो आणि मान खाली गेली की पाऊल बिघडतं. वेळ घ्यायला कुणीतरी बाहेर उभं हवं.

बाबा, तुम्ही मला घड्याळ धरायला शिकवलंत तेव्हा मी सहावीत होते. शंभर मीटरची शर्यत, तुम्ही तिकडे टोकाला पिस्तूल घेऊन, मी इकडे रेघेवर. मी आवाज ऐकून बटण दाबलं तर तुम्ही रागावलात. आवाजाला शंभर मीटर यायला पाऊण-एक डोळ्याची उघडझाप लागते, ०.३ सेकंद, तेवढी पोराची वेळ तू चोरलीस, म्हणालात. बटण धुरावर दाबायचं. क्लॅपर असेल तर फळ्या मिटताना दिसल्या की दाबायचं. कानाचं काम नाही, डोळ्याचं आहे.

कान गेल्यापासून तुम्ही ग्राउंडवर जायचं सोडलंत. पोरं काय बोलतात ते कळत नाही, उगाच अडचण, असं आईजवळ म्हणालात, ते तिनं मला सांगितलंय. पण धूर दिसतो ना? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर तुम्ही पंचांगातली बारीक अक्षरंही वाचता. मी ग्राउंडवर सगळ्यांना सांगून ठेवलंय की दिवाळीनंतर आमच्याकडे टायमर येणार आहेत. ड्रायव्हरकाका विचारत होते, सर चहा बिनसाखरेचा घेतात का.

आई, तू एकटी घरी राहू नकोस, तूही ये. शेळ्यांचं काकी बघतील, मी बोलले त्यांच्याशी. इथं पहाटे पाचला तुला बाहेर पडायला लागणार नाही. डबेवाल्या काकूंना मात्र तुझी जोंधळ्याची भाकरी कशी फुगते ते हातानं दाखव, त्यांनी चारदा विचारलंय.

स्टॉपवॉच कपाटात वरच्या खणात, रुमालात गुंडाळलेलं असेल. किल्लीचं आहे, एकदा फिरवून चालतंय का बघा. नाही चाललं तर इथं पोवई नाक्यावर दाखवू. लाल वही विसरू नका. १९९४-९५ चं पान आधीच शोधून त्यात कागदाची खूण घालून ठेवा, पोरगा स्टँडवर न्यायलाच येणार आहे.

तुमची,
लेक