सात पिल्लं आणि शंभर डोसची बाटली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परसातल्या कोंबडीपालनावरचा लेख वाचला. जाती, खाद्य, अंड्यांचा भाव असं सगळं त्यात होतं. खुराड्याबद्दल मात्र दोनच ओळी होत्या आणि लसीबद्दल एक. मी घणसोली गावठाणात राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात ३१ वर्षं फिटर होतो आणि निवृत्त झाल्यावर, सव्वा वर्षापूर्वी, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कोंबड्या पाळल्या. माझी आई पाळायची. तेव्हा घरामागे भाताची खाचरं होती आणि रात्री कोंबड्या पडवीत डालग्याखाली असायच्या. ते बघत वाढलो म्हणून मला वाटलं, आपल्याला हे येतंच. येत नव्हतं.

गेल्या वर्षी चैत्रात नातीच्या हट्टाखातर दारावर आलेल्या विक्रेत्याकडून रंगवलेली सहा पिल्लं घेतली. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, खोलीत पंखा चालू. पाच दिवसांत सगळी गेली. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची, हे मला नंतर कळलं. ६० वॉटचा साधा तारेचा बल्ब खोक्यावर टांगला असता तरी काम झालं असतं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना थंडी वाजते आहे आणि पंख पसरून कडेला गेली तर उकडतंय. थर्मामीटर नसला तरी एवढं बघून बल्ब वरखाली करता येतो. नात दोन दिवस नीट जेवली नाही. वाचकांना हात जोडून सांगतो, आधी खुराडा बांधा, मग पक्षी आणा, आणि पहिल्या वेळी पिल्लं नकोत, अडीच-तीन महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणा.

तशा सहा तलंगा मी ज्येष्ठात मुरबाडकडून आणल्या. खुराडा बांबूचा, खाली मातीची जमीन आणि चारी बाजूंना षटकोनी भोकांची कोंबडीजाळी. या जाळीने कोंबड्या आत राहतात, एवढंच. उंदीर आणि साप तिच्यातून आरामात ये-जा करतात, आणि आमच्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ती पातळ तार लवकर गंजते. आषाढात एका रात्री घुशीने बाहेरून बीळ काढून थेट आत तोंड केलं. मुंगूस रात्रीचं फिरत नाही, ते उजाडल्यावर येतं. तिवरांकडून आलेलं मुंगूस त्या आयत्या बिळातून शिरलं आणि मी चहा घेऊन परसात जाईपर्यंत तीन तलंगा मारून गेलं होतं. एकीलाही त्याने खाल्लं नव्हतं.

दुसरा खुराडा मी कारखान्यातलं काम समजून केला. सहा पक्ष्यांना ४ फूट बाय ६ फूट, म्हणजे पक्ष्यामागे चार चौरस फूट. खाली फूटभर विटांचा चौथरा आणि वर चार इंच काँक्रीटचा कोबा, दाराकडे थोडा उतार. तेव्हापासून घूस आलेली नाही. सांगाडा लोखंडी अँगलचा, जाळी अर्ध्या इंची वेल्डेड, दाराला वर-खाली दोन कड्या. आमच्याकडे पावसाची झड नैऋत्येकडून येते म्हणून त्या दोन बाजू पत्र्याने बंद केल्या आणि छपराचा पत्रा दोन फूट पुढे काढला. पण पत्र्याच्या खाली समोरासमोर नऊ-नऊ इंचांची जाळीची पट्टी उघडी ठेवली आहे. पहिल्या खुराड्याला मी पावसासाठी चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळली होती, तेव्हा सकाळी दार उघडलं की विष्ठेच्या वाफेने माझेच डोळे चुरचुरायचे. त्या बिचाऱ्या रात्रभर त्यातच असायच्या.

कोब्यावर तीन-चार इंच भाताचं तूस. मुठीत दाबून बघायचं, गोळा झाला तर ते ओलं आहे, बदलायचं. ओल्या तुसात रक्ती हगवण यायला वेळ लागत नाही. बसायला दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी अडीच फुटांवर आणि अंड्यांच्या जागा तिच्यापेक्षा खाली, कारण कोंबडी सगळ्यात उंच जागेवर झोपते आणि झोपेत तिथेच घाण करते. त्यासाठी आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरते. लोखंड, जाळी, पत्रा आणि सिमेंट मिळून साडेनऊ हजार रुपये लागले. वेल्डिंग माझं मीच केलं. त्यानंतर आणखी तीन तलंगा आणल्या. आजवर त्या खुराड्यातून एकही पक्षी गेलेला नाही.

आता जे मला एकट्याला जमत नाही ते. माघात एक कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. शेजारी कोंबडा आहे, त्यांच्याकडची नऊ अंडी तिच्याखाली ठेवली आणि एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. बल्बची गरजच नव्हती, आई होती. मानमोडीची, म्हणजे राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची, पहिली लस पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून द्यायची असते. ती घ्यायला गेलो तर मिळाली शंभर डोसची बाटली. कालवल्यावर ती बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. सात थेंब वापरले, त्र्याण्णव डोस फेकून दिले. आमच्या गल्लीत अकरा घरांत कोंबड्या आहेत आणि बहुतेकांनी लस कधी दिलेलीच नाही, कारण चार पक्ष्यांसाठी कोण एवढी धावपळ करणार? बाटली घेऊन मी दारोदार फिरलोही, पण दहा वाजले होते, कोंबड्या मोकळ्या सुटलेल्या. धरणार कशा?

म्हणून पालिका आणि पशुसंवर्धन खात्याला विनंती आहे, गावठाणांसाठी महिन्यातला एक वार लसीसाठी ठरवून द्यावा आणि वेळ सकाळी सहाची ठेवावी, खुराडी उघडण्याआधी. एका बाटलीत गल्ली होईल. मानमोडीची लस बर्ड फ्लूवर चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, आणि २०२२ मध्ये तो शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीपर्यंत आला होता. कुठल्या घरी किती पक्षी आहेत हे डॉक्टरांना माहीत असेल, लोकांनाही डॉक्टर ओळखीचे असतील, तर अचानक मेलेली कोंबडी खाडीत न टाकता कोणीतरी त्यांना फोन करेल.

आमच्या गल्लीपुरतं सांगतो. बसायला माझा ओटा आहे, बर्फाचा डबा माझा आणि आदल्या संध्याकाळी अकराही घरी निरोप मी देईन. लस देणारा माणूस तेवढा हवा.

आपला नियमित वाचक,
घणसोली गावठाण, नवी मुंबई